एकशेचाळीस नंबरचा ग्वाल्हेरी जेट

मी एकशेचाळीस नंबर बोलतोय. नाव विचाराल तर मला नाव नाही, नंबरच आहे. तो कारखान्यातच माझ्या डोक्यावर ठोकलाय. मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये, अगदी तळाशी, करंगळीच्या नखाएवढा पितळेचा एक स्क्रू असतो आणि त्याच्या मधोमध आरपार बारीक भोक असतं. त्याला जेट म्हणतात. तो मी. इंजिनाला किती पेट्रोल प्यायला द्यायचं ते माझ्या भोकावर ठरतं. भोक मोठं झालं की गाडी अधाशासारखी पिते आणि काळा धूर ओकते. लहान झालं की उपाशी राहते, खोकते, तापते. एका केसाचा फरक पुरतो हो.

पटपट सांगतो, मला दम धरवत नाही. जन्मल्यापासून माझ्या अंगातून काहीतरी वाहत राहावं अशी माझी घडण, आणि गेली कित्येक वर्षं मी एका करंड्यात पडून आहे. बाहेर आमच्या गल्लीतून, दाना ओलीतून, एखादी मोटरसायकल गेली की माझा जीव खालीवर होतो. "अरे, हिचं मिक्श्चर पातळ झालंय, पेट्रोल कमी पडतंय, कोणीतरी बघा रे!" असं ओरडावंसं वाटतं. ऐकणार कोण?

माझा जन्म विलायतेतला. लढाईचे दिवस होते. एका पत्र्याच्या डबीत कापसाच्या गादीवर आम्ही दोघं शेजारी शेजारी होतो, मी एकशेचाळीस आणि तो एकशेतीस. जहाजातून मुंबई, मुंबईहून आगगाडीनं ग्वाल्हेर. तिथे संस्थानच्या फौजेच्या डेपोत डबी उघडली ती कान्होजी खलाट्यांनी.

कान्होजी फौजेत डाक पोचवणारे मोटरसायकलस्वार. त्यांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून इकडे आले, हे त्यांना फार अभिमानानं सांगायची सवय. अंगानं सडसडीत, मिशा मात्र भरदार. एका जागी पाच मिनिटं बसतील तर शपथ. जेवतानासुद्धा उजवं मनगट ॲक्सिलरेटर पिळल्यासारखं हलायचं. मला ते पहिल्या दिवसापासून आवडले. म्हटलं, हा आपल्या जातीचा.

डेपोतल्या उस्तादांनी त्यांना एकच नियम शिकवला होता. "जेट में सुई कभी नहीं. सिर्फ फूँक." कारण पितळ मऊ असतं. त्यात सुई घातली की भोक फाकतं आणि फाकलेलं भोक पुन्हा जुळत नाही. म्हणून कान्होजी मला दोन बोटांत धरायचे, ओठांशी नेऊन जोरात फुंकर मारायचे आणि मग उजेडासमोर धरून एक डोळा मिटायचे. माझ्यातून दिसणारा तो उजेडाचा गोल ठिपका बघून म्हणायचे, "झकास!" त्यांच्या फुंकरेला तंबाखूचा वास यायचा.

मग अठ्ठेचाळीस साल आलं आणि संस्थान विलीन झालं. काल होतं ते राज्य आज नाही, हे मोठ्या माणसांना कागदावर कळलं, कान्होजींना डेपोत कळलं. वर्दी जमा करा, पट्टा जमा करा, बिल्ला जमा करा. गाड्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे लिलावात, निघाल्या, तेव्हा आपलीच मोटरसायकल कान्होजींनी विकत घेतली आणि दाना ओलीत आणून जिन्याखाली उभी केली. आम्ही दोघे भाऊ डबीसकट आलोच.

नवं राज्य झालं मध्यभारत. त्याची गंमत अशी की राजधान्या दोन. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. फायलींच्या पेट्या, टंकलेखक, पंखे, चपराशी, सगळं बिऱ्हाड वर्षातून दोनदा हलायचं. कान्होजींना मोतीमहालच्या दफ्तरात डाकस्वाराची नोकरी मिळाली. दफ्तर हललं की हेही हलायचे. बाकीचे आगगाडीनं, हे मोटरसायकलवर.

इथेच आमच्या वाटण्या झाल्या. ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात हवा थंड आणि दाट, तिला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून मी. इंदूरच्या उन्हाळ्यात हवा गरम आणि विरळ, शिवाय ते गाव उंचावर, म्हणून एकशेतीस. तो जेट बसवला की कान्होजी फार तपासायचे. मोकळ्या रस्त्यावर गाडी पुरी पिळायची, मैलभर तशीच सोडायची आणि एकदम इंजिन बंद करून स्पार्क प्लग काढून बघायचा. काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढराफटक पडला तर कमी. चहातल्या बिस्किटाचा रंग आला की बरोबर. माझी मात्र अशी परीक्षा कधी घेतली नाही. "हा घरचा आहे, ह्याला काय बघायचं!" म्हणायचे. मला तेव्हा मोठा मान वाटायचा.

म्हणजे सहा महिने मी गाडीत आणि सहा महिने घरी. घरी म्हणजे वनमालाताईंपाशी.

वनमालाताई कान्होजींच्या पत्नी. गोरखीजवळच्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला तुटक पण हसायला मोकळ्या. त्यांनीही कधी नवऱ्याबरोबर इंदूर पाहिलं नाही, कारण शाळा. कान्होजी पहिल्यांदा निघाले तेव्हा मला त्यांच्या हातावर ठेवून म्हणाले, "हा सांभाळ. महिन्यातून एकदा फुंकर मारत जा, धूळ बसली नाही पाहिजे."

"आणि तुम्हाला कोण फुंकर मारणार तिकडे?" त्या म्हणाल्या.

"मला? मी काय जेट आहे?"

"दिसता तसेच. आरपार. एका कानानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं सोडायचं!"

कान्होजी खो खो हसले आणि किक मारून गेले. वनमालाताईंनी मला देवघरातल्या चांदीच्या करंड्यात ठेवलं, वरच्या रिकाम्या खणात. खालच्या खणात कुंकू होतं.

त्यांनी महिन्यातून एकदा म्हटलेलं मनावर घेतलं नाही. त्या रोज फुंकर मारायच्या. संध्याकाळी दिवा लावला की मला काढायचं, हळूच फुंकायचं, दिव्यासमोर धरून बघायचं. "आज पत्र नाही आलं," असं मला सांगायच्या. किंवा, "तिसरीतल्या पोरी आज फार छळल्या रे." त्यांची फुंकर हलकी असायची, पोळलेल्या बोटावर घालतात तशी. एकदा मे महिन्यात त्यांना ताप होता. घरात कोणी नाही. तरी उठून मला काढलं, फुंकर मारायला गेल्या आणि त्यांना रडूच आलं. "सहा महिने संसार आणि सहा महिने पत्रं, हे काय जगणं आहे का?" एवढंच म्हणाल्या. मग डोळे पुसले आणि मला पुन्हा आत ठेवलं. कान्होजींना लिहिलेल्या पत्रात ह्यातलं काही गेलं नसणार, माझी खात्री आहे.

आठ वर्षं असं चाललं.

मग छप्पन साल. राज्यांची पुन्हा मांडामांड होणार, मध्यभारत जाणार, मोठं राज्य होणार आणि राजधानी भोपाळ. एकच, बारा महिन्यांची. मोतीमहालात नुसती धावपळ. कोण जाणार, कोण राहणार, कोणाचा तबादला कुठे. डाकस्वार होते चार आणि नव्या राजधानीत जागा दोनच. वरून हुकूम आला की ज्यांना जागा पाहिजे त्यांनी दसऱ्यानंतरच्या आठव्या दिवशी, सोमवारी, दुपारी चारच्या आत आपापल्या गाडीवर भोपाळच्या दफ्तरात हजर व्हावं. स्वार वेळेवर येतो की नाही आणि गाडी धड आहे की नाही, दोन्ही तिथेच दिसेल. जो मागे राहील त्याची नोकरी राज्याबरोबर संपेल.

कान्होजींना ही जागा पाहिजेच होती. संस्थान गेलं तेव्हा वर्दी गेली होती, आता गाडीवरचं काम जाऊ द्यायचं नाही, हे त्यांनी पक्कं धरलं होतं. जोडीदार बळवंत, तोही डाकस्वारच, एकदा घरी आला आणि म्हणाला, "वहिनी, चला आता भोपाळला. तलाव आहे म्हणतात मोठा."

वनमालाताई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मला ग्वाल्हेर सोडवत नाही हो, बळवंतभाऊजी. जन्म इथला, शाळा इथली."

बोलून गेल्या आपल्या. माणसं काय, बोलून जातात आणि विसरतात. पण कान्होजींच्या मनात ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. रात्री जेवताना मनगटसुद्धा हललं नाही.

आता खंडेनवमीचं सांगतो, सगळं तिथेच झालंय.

असल्या फौजी घरांत दसऱ्याच्या आदल्या दिवशी शस्त्रांची पूजा असते. खलाट्यांकडे एक जुनी तलवार होती, एक भाल्याचं पातं. त्यांच्या पंगतीला आता पाने, पक्कड, प्लगची चावी आणि आम्ही दोघं भाऊ. गाडीला झेंडूचा हार. पाटावर लाल कापड अंथरून सगळी मांडामांड वनमालाताई करायच्या. शस्त्राला लावतात ते कुंकू कोरडं नसतं, तेलात कालवलेलं असतं, म्हणजे गंजही धरत नाही. दरवर्षी त्या आम्हाला वरून एक टिकली लावायच्या. त्या वर्षी मला हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. अंगठ्यानं कुंकू लावलं, पुन्हा लावलं. डोळे मिटले होते.

"देवा," त्या पुटपुटल्या, "ह्यांना ती जागा मिळू दे. मी इस्तिफा दिलाय शाळेचा. ह्यांना सांगितलं नाही. जागा मिळाली की सांगेन. आता मला दोन घरं नकोत, मला ह्यांच्याबरोबर जायचंय."

ऐकलं मी! ऐकलं एकट्यानं! तेवढ्यात त्यांच्या अंगठ्याखालचं तेलकट कुंकू माझ्या भोकात शिरलं. त्यांना कळलं नाही. आणि कळलं असतं तरी काय, कान्होजी बसवण्याआधी फुंकर मारतातच की. आठ वर्षांत एकदा चुकले नव्हते.

चार दिवसांनी कान्होजींनी गाडी उघडली. भोपाळसाठी कोण बसवावा ह्यावर त्यांनी अर्धी सकाळ घालवली. एकशेतीस हातात घेतला, ठेवला. मला घेतलं, ठेवलं. "हवा थंड पडायला लागली आहे," स्वतःशीच म्हणाले, "घरचाच चालेल." मला ओठांपर्यंत नेलं आणि थांबले.

कारण त्यांना कुंकू दिसलं. माझ्या डोक्यावरही आणि भोकाच्या तोंडाशीही. मी त्यांच्या बोटांत होतो, त्यांची नजर मला कळत होती. पूजेचं कुंकू, त्याच्यावर तोंडाची फुंकर मारायची? देवापुढचा दिवासुद्धा ह्या घरात कोणी फुंकून विझवत नाही. पुसायचं म्हटलं तर पूजेचं कुंकू आपल्या हातानं कसं पुसायचं, तेही असल्या कामाला निघताना? कान्होजींनी मला कपाळाला लावलं आणि तसंच, कुंकवासकट, कार्बोरेटरमध्ये फिरवून बसवलं.

मी आतून नुसता तडफडत होतो. अहो, फुंका! एकदा फुंका! देव काही म्हणणार नाही!

गावात गाडी मजेत चालली. चालणारच. हळू चालवताना माझ्यासारख्या मुख्य जेटचं फारसं कामच पडत नाही, माझी गरज लागते ती गाडी पुरी पिळल्यावर. आणि घरच्या जेटची परीक्षा घ्यायची पद्धत नव्हती.

सोमवारी पहाटे वनमालाताईंनी डब्यात पोळ्या आणि गूळ बांधून दिला. फौजेतलं सर्टिफिकेट कान्होजींच्या कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि खिशाचं तोंड सेफ्टी पिननं बंद केलं. "पडायला नको," म्हणाल्या.

"पडत नाही. तू घरात बस आरामात, तुझं ग्वाल्हेर सांभाळ." शब्द कुचकट होता. वनमालाताईंनी तो गिळला आणि "सावकाश जा" एवढं म्हणाल्या.

शिवपुरीपर्यंत धुकं होतं, रस्त्यात गुरं होती, गाडी बेतानं चालली. गुना मागे पडलं. पुढे सरळ, मोकळा रस्ता लागला. वेळ भरून काढायला पाहिजे होता. कान्होजींनी मनगट पुरं पिळलं आणि पेट्रोल धावत माझ्याकडे आलं. मी वाट देईना! माझ्या घशात कुंकू. अर्धीच धार वर जात होती. गाडी खोकली, फुस्स फुस्स करायला लागली, इंजिन इतकं तापलं की वास सुटला. तेवढ्यात मागून बळवंत आला, हात केला, ओरडून विचारलं, "थांबू का?"

"जा तू!" कान्होजी ओरडले. "मी आलोच!"

गाडी बाजूला घेतली. प्लग काढला. पांढराफटक, राखेसारखा. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. टाकीचा नळ बघितला, नळी बघितली आणि मग माझ्यापाशी आले. मला काढून उन्हासमोर धरलं. उजेडाचा ठिपका नव्हताच, होती एक लालसर तिरीप.

फुंकर मारली. पुन्हा मारली. गाल फुगवून, डोळे लाल होईपर्यंत मारली. पण आता उशीर झाला होता. तेल आणि कुंकू पेट्रोलमध्ये भिजून आणि इंजिनाच्या धगीनं सुकून चिकट राळ झालं होतं. डबीतला एकशेतीस बसवला असता तरी गाडी कशीबशी गेली असती. पण घाईत माणसाला दुसरा रस्ता दिसत नाही. कान्होजींचा हात कोटाच्या आत गेला. वनमालाताईंनी लावलेली पिन निघाली. उस्तादांचा शब्द त्यांना आठवला असेल का? आठवलाच असणार, कारण पिन माझ्या तोंडाशी येऊन क्षणभर थांबली. आणि मग आत घातली आणि फिरवली.

दुखलं. आजही आठवलं की दुखतं. पोलादापुढे पितळाचं काय चालणार! कुंकू निघालं, पण त्याच्याबरोबर माझं गोलपणही गेलं. मी एका बाजूनं फाकलो. आता मी एकशेचाळीस राहिलो नव्हतो, कितीचा झालो होतो देव जाणे.

गाडी सुरू झाली, पळायलाही लागली. पण मागे काळा धूर आणि टाकीतलं पेट्रोल घटाघट संपू लागलं. मी थांबवू शकत नव्हतो. भोपाळ आठ मैल राहिलं आणि टाकी कोरडी पडली. त्या सडसडीत माणसानं तीन मणांहून जड गाडी ढकलत नेली, मग एका ट्रकवाल्यानं डबाभर पेट्रोल दिलं. दफ्तराच्या दारात पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. चौकीदार कुलूप लावत होता. बळवंत पायरीवर बसला होता. त्याला जागा मिळाली होती. तो उठून उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी एकशेतीसच्या जोरावर आम्ही घरी आलो. मी कान्होजींच्या खिशात होतो. बूटही न काढता ते आत गेले आणि मला वनमालाताईंच्या पुढ्यात, ओट्यावर आपटलं.

"हे काय आहे?"

त्यांनी वाकून बघितलं. माझ्या आट्यांमध्ये अजून लाल होतं. "कुंकू," त्या म्हणाल्या. चेहरा पडला. "म्हणजे... ते काम?"

"गेलं काम. झालं ना तुझ्या मनासारखं? तुला ग्वाल्हेर सोडायचं नव्हतं, मग तोंडानं सांगायचं! देवाच्या नावाखाली असं कशाला करायचं?"

मी ओट्यावर पडल्या पडल्या किंचाळत होतो. खोटं! सगळं खोटं! ह्यांनी काय मागितलं ते मी ऐकलंय, विचारा मला! पण माझ्या भोकातून पेट्रोल जातं, हवा जाते, उजेडसुद्धा जातो. शब्द जात नाही. आयुष्यात तेव्हाइतका राग मला स्वतःचा कधी आला नाही.

वनमालाताईंनी मला उचलून पदरानं पुसलं आणि खिडकीत ठेवलं. त्यानंतर त्या घरात चार दिवस फक्त भांड्यांचे आवाज होते. त्या शाळेत जायच्या, यायच्या, ताट वाढायच्या. कान्होजी येरझाऱ्या घालायचे. जिन्याखाली जायचे, गाडीवरून फडकं फिरवायचे, पुन्हा वर यायचे.

पाचव्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाई, लीलाताई, घरी आल्या. दिवाळी तोंडावर होती, हातात फराळाचा डबा होता. खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पिशवीतून एक कागद काढला.

"वनमाला, हा तुझा इस्तिफा. पाचव्या माळेला दिलास, मी अजून पुढे पाठवलेला नाही. आता सांग. बातमी कानावर आली म्हणून विचारते, पाठवू का फाडू?"

येरझाऱ्या थांबल्या. "कसला इस्तिफा?" कान्होजींनी विचारलं.

लीलाताईंनी चष्म्यावरून बघितलं. "अच्छा! म्हणजे तुम्हाला माहीतच नाही? अहो, तुमच्याबरोबर भोपाळला जाता यावं म्हणून हिनं नोकरी सोडली. मी म्हटलं, आधी त्यांचं पक्कं तर होऊ दे. ऐकायलाच तयार नाही. म्हणाली, आठ वर्षं उन्हाळे एकटीनं काढले, आता नाही काढवत."

कान्होजी मटकन खाली बसले. उभ्या जन्मात मी त्यांना असं बसलेलं बघितलं नव्हतं. मग म्हणाले, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ते ओझं घेऊन गाडी चालवली असती तुम्ही," वनमालाताई म्हणाल्या. "आणि जागा नसती मिळाली तर माझीही नोकरी तुमच्यामुळे गेली म्हणून झुरत बसला असता. कुंकू माझ्याच हातून गेलं आत, ते मी कबूल करते. पण तुम्ही तर दरवेळी फुंकर मारता ना? मला वाटलं, मारालच."

आता सांगा! मी खिडकीतून त्यांच्याकडे बघत होतो. आता तरी सांगा!

आणि त्यांनी सांगितलं. लीलाताईंच्या देखत सांगितलं. "मी बघितलं होतं. बसवतानाच बघितलं होतं. पूजेचं म्हणून फुंकलं नाही, पुसलं नाही. आणि तुझ्यावर घातलं सगळं. नंतर घाईत पिनही मीच घातली. चुकलं माझं, वनमाला. फार चुकलं." त्या घरात पुरुषांनी रडायची पद्धत नव्हती, म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

लीलाताईंनी कागद हलवला. "मग? ह्याचं काय करू?"

कान्होजी भिंतीकडे बघतच म्हणाले, "तिला विचारा. आजवर कुठे राहायचं ते सरकारनं ठरवलं आणि मी मान हलवली. तिला कोणी विचारलंच नाही."

वनमालाताई उठल्या. कागद हातात घेतला, एकदा वाचला आणि फाडला. "मला दोन घरं नको होती," त्या म्हणाल्या. "एक आहे तेवढं पुरे. आणि तुम्ही उठा आता, असे बसलेले बघवत नाहीत मला."

दोन दिवसांत राज्य बदललं. फायलींच्या पेट्या भोपाळला गेल्या, त्या कायमच्या. कान्होजींनी जिन्याखालची गाडी बाहेर काढली आणि तिथेच पाने आणि पक्कड मांडून दुकान सुरू केलं. कार्बोरेटर लावून देण्यात त्यांचा हात धरणारा ग्वाल्हेरच्या लश्कर भागात कोणी नाही, हे लवकरच सगळ्यांना कळलं. मोरारहून, ठाठीपूरहून गाड्या यायला लागल्या. कोणी पोरगा खिशातून सुई काढताना दिसला की ते असे ओरडतात की ओलीतली कुत्री उठून जातात.

माझं भोक कथलाचा डाग देऊन बुजवावं आणि नव्यानं पाडावं, असं त्यांनी एकदा ठरवलं होतं. मला आशा वाटली. पुन्हा गाडीत जाईन! पण वनमालाताई म्हणाल्या, "नको. असाच राहू द्या. तुम्हाला दिसत राहील." झालं. माझी रवानगी पुन्हा करंड्याच्या वरच्या खणात झाली आणि गाडीत माझ्या जागी नवा एकशेचाळीस आला. त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही.

आता दरवर्षी खंडेनवमीला पाटावर दुकानातले पंचवीस-तीस जेट मांडलेले असतात. वनमालाताई सगळ्यांना, मलासुद्धा, तेलातलं कुंकू लावतात. दसरा झाला की कान्होजी एकेक जेट उचलतात आणि सगळ्यांच्या देखत, पूजेच्या कुंकवावर, दणकून फुंकर मारतात. पहिल्या वर्षी शेजारचे म्हणाले, "कान्होजीराव, हे काय? देवाचं आहे ते!" कान्होजी म्हणाले, "देव नाही रागावत. इंजिन रागावतं. आणि बायको."

मला मात्र कोणी फुंकत नव्हतं. माझ्या भोकात दरवर्षी कुंकवाचा एक थर चढत गेला. सात वर्षांत मी पुरा बुजलो. आधी उजेड दिसेनासा झाला, मग आवाजही दबके झाले. चळवळ्या जिवाला ह्याहून मोठी शिक्षा नसेल.

ह्या दसऱ्याची गोष्ट सांगतो आणि पुरे करतो. सगळे जेट फुंकून झाले होते. कान्होजींच्या मिशा आता पांढऱ्या व्हायला लागल्यात. त्यांनी करंडा उघडला, मला काढलं, वाटीभर पेट्रोलमध्ये घातलं आणि घटकाभर बसून राहिले. सात वर्षांनी पेट्रोल! काय सांगू! मग मला ओठांशी नेलं. तोच तंबाखूचा वास. गाल फुगवून फुंकर मारली, तसं सगळं साचलेलं कुंकू फस्सकन उडालं आणि समोर बसलेल्या वनमालाताईंच्या नाकावर, कपाळावर, पांढऱ्या पातळावर जाऊन बसलं.

"अहो!" त्या ओरडल्या आणि मग हसायलाच लागल्या. हसता हसता त्यांनी मला कान्होजींच्या हातातून घेतलं, उरलंसुरलं घालवायला आपली हलकी फुंकर मारली आणि खिडकीच्या उजेडासमोर धरलं.

"गोल नाही राहिलं," कान्होजी म्हणाले.

"नसू दे," त्या म्हणाल्या. "आरपार दिसतंय."

त्यांनी एक डोळा मिटून माझ्यातून कान्होजींकडे बघितलं. किती वेळ बघत होत्या! मग मला पुन्हा करंड्यात ठेवलं. पण झाकण लावलं नाही, तेवढं मी बघितलं.

तेव्हा तुम्ही वाचताय म्हणून सांगतो. कार्बोरेटर उघडलात तर जेटला सुई लावू नका. आणि घरातल्या माणसाबद्दल मनात काही अडकलं असेल तर गुन्यापर्यंत थांबू नका, घरीच फुंकर मारा. माझं सांगायचं सांगून झालं. आता गप्प बसतो. अरे, पण ही आत्ता ओलीतून गेली ती गाडी, हिचं मिक्श्चर पातळ आहे! ऐकलंत का तुम्ही? कान्होजीराव, अहो कान्होजीराव, थांबवा तिला!